सोळा तास, धुळे मार्गे

मुलीच्या पहिल्या बाळंतपणासाठी मी अमेरिकेला निघाले होते, आणि जळगावात जो भेटे तो मला म्हणे, "सोळाच तास तर लागतात!" दूधवाला म्हणाला, समोरच्या मारवाडी काकू म्हणाल्या, शाळेतल्या जुन्या सहकारी म्हणाल्या. सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलेलं. मुंबई ते न्यूयॉर्क, अंतर साडेबारा हजार किलोमीटर, वेळ सोळा तास. ऐकून ऐकून माझे कान किटले. अहो, ते दोन विमानतळांमधलं अंतर! मी काय विमानतळावर राहते? माझं घर जळगावात, मुलीचं घर न्यूयॉर्कपासून दोन तासांवर, आणि मधे नुसता समुद्र नव्हता, मधे माझं सासर होतं.

मुलगी एकुलती एक. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आपल्याकडची रीत. पण तिची नोकरी, तिथल्या डॉक्टरांच्या तपासण्या आणि शेवटच्या महिन्यांतला विमानप्रवास, यांत तिला इकडे आणणं जमण्यासारखं नव्हतं. मग मुलगी माहेरी येत नाही तर माहेरानं तिकडे जायचं असं ठरलं. ही मुलगी लहानपणी डॉक्टरच्या हातात सुई दिसली की माझा पदर मुठीत धरून ठेवायची. फोनवर म्हणाली, "आई, लाडू-बिडू काही आणू नकोस. मला भीती वाटतेय गं. कळा सुरू होतील तेव्हा तू खोलीत असलीस की झालं." मी म्हटलं, "असेन." बाकी काही कबूल केलं नव्हतं, हा एवढा शब्द दिला होता. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या दहा दिवस आधीचं तिकीट काढलं. शुक्रवारी संध्याकाळचं विमान.

शुक्रवार म्हटल्यावर अक्का जाग्या झाल्या.

अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. पारोळ्याला असतात. आमच्या घरात कुणी कधी कुठं जायचं हे त्या तिथून ठरवतात. शुक्रवारी पश्चिमेला निघायचं नसतं, दिशाशूल असतो. आणि निघावंच लागलं तर आधीच्या एखाद्या चांगल्या दिवशी प्रस्थान ठेवायचं. प्रस्थान म्हणजे प्रवाशाची एखादी वस्तू तांदूळ-सुपारीबरोबर फडक्यात बांधून, जायच्या वाटेवरच्या दुसऱ्या कुणाच्या घरी नेऊन ठेवायची. प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असं धरायचं. मग खरोखर जाताना ते गाठोडं स्वतःच्या हातानं उचलायचं आणि पुढं चालू पडायचं. एकदा उचललं की निघायचंच. मागं फिरायचं नाही, थांबायचं नाही, त्या घरात घोटभर पाणीसुद्धा प्यायचं नाही.

मी तीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. अक्का आमच्याकडे आल्या तेव्हा मी माळ्यावरून पृथ्वीचा गोल काढला, पुसला, आणि मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून त्यांना दाखवला. म्हटलं, "हे बघा अक्का, जवळचा रस्ता वरून जातो. विमान आधी उत्तरेकडे चढतं, मग समुद्रावर उतरतं. पश्चिमेचा प्रश्नच कुठं येतो?"

अक्कांनी दोऱ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाल्या, "इमान कथाबी जावो माय. तू घरमातीन निंघीसन धुयाकडेच जाशी ना? मंग? धुये मावयतीलेच शे."

जळगावाहून धुळं पश्चिमेलाच आहे. खरं तर मी धुळ्याकडे जाणारच नव्हते, मी रेल्वेनं सरळ मुंबई गाठणार होते, आरक्षणही झालं होतं. पण मी तोंड उघडायच्या आत अक्कांनी प्रस्थानाचं घरही ठरवून टाकलं होतं. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, धुळ्याला देवपुरात राहतो. त्याच्याकडे गाठोडं ठेवायचं. काय ठेवायचं, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "जेन्हा बिगर जाता येवाव नही, आशी वस्तू ठेव."

मी कपाटातली एक साधी सुती साडी काढून दिली आणि विषय संपवला. साडी भाच्याकडेच राहील, मी रेल्वेनं निघून जाईन, अक्कांचंही समाधान होईल, असा माझा हिशेब होता. आमच्या ह्यांची ठिबकच्या नळ्यांची एजन्सी आहे. मंगळवारी ते धुळ्याला कामाला गेले, जाताना गाठोडं घेऊन गेले आणि परत येऊन जेवून झोपले. हा माणूस घरात दिवसाकाठी दहा वाक्यं बोलतो. नेमकं अकरावं वाक्य महत्त्वाचं असतं.

गुरुवारी संध्याकाळी मी बॅगा भरत बसले होते. कागदांची पिशवी उघडली तर पासपोर्ट नाही. कपाट पाहिलं, गादी उचलली, देवघराचा खण पाहिला. शेवटी ह्यांना विचारलं. हे टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "तो मंगळवारीच गेला."

"कोण गेला?"

"पासपोर्ट. अक्का म्हणाली ना, ज्याच्याशिवाय जाता येत नाही ती वस्तू. साडीशिवाय तू जाऊ शकतेस. म्हणून साडी काढली आणि तो ठेवला."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. समोरच्या काकूंनी खिडकी लावून घेतली एवढं सांगते. हे मात्र शांत. त्यांच्या मते सगळं सुरळीत होतं. सकाळी गाडी करायची, धुळ्याला गाठोडं उचलायचं, तसंच मुंबईला जायचं. वाट एकच आहे. भाच्याला फोन केलेला आहे. झालं.

रेल्वेचं आरक्षण गेलं. पहाटे भाड्याची गाडी करून आम्ही निघालो. पारोळ्याला अक्का हमरस्त्यावरच उभ्या होत्या, कुंकवाचा करंडा आणि शेजारी वानोळा घेऊन. शेतातलं काही ना काही बरोबर दिल्याशिवाय आमच्याकडे माणूस हलू देत नाहीत. दादर ज्वारीचं पीठ, शेंगदाणे, उडदाची डाळ आणि भरीताची वांगी. वांगी! मी म्हटलं, अक्का, विमानात वांगी नेऊ देत नाहीत. त्या म्हणाल्या, वाटेत कुणाला तरी देशील. आणि खरोखर ती वांगी आम्ही मुंबईत एका वॉचमनला दिली.

धुळ्यात भाच्याच्या दाराला कुलूप.

मी आधी कुलपाकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. ह्यांनी फोन लावला. पलीकडे ढोल वाजत होते. भाचा बायको-पोरांसह आदल्या संध्याकाळीच दोंडाईच्याला गेलेला, मेव्हण्याच्या हळदीला. मी फोन हिसकावून घेतला.

"मामी, टेन्शन लेवू नका," तो म्हणाला. "इमान संध्याकायलेच शे ना? माले वाटनं तुम्ही दुपारलोंग येशात. मी निंघनूच."

आता हे "निघालोच" बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागेल. आमच्याकडे "निघालोच" म्हणजे उठतोय. "रस्त्यात आहे" म्हणजे अंघोळीला चाललोय. आणि "पोहोचलोच समजा" म्हणजे गाडीची किल्ली शोधतोय. न्यूयॉर्कचं विमान किती तासांनी पोहोचेल हे जगातलं कुठलंही पोर मोबाइलवर बघून सांगतं. दोंडाईच्याहून निघालेला माणूस धुळ्याला कधी पोहोचेल हे सांगणारं यंत्र अजून कुणी काढलेलं नाही.

मी ह्यांना म्हटलं, कुलूप तोडा. ते दचकले. "आज? प्रस्थान ठेवलेल्या घराचं कुलूप तोडायचं? अपशकुन होईल." मी म्हटलं, तिकडे पोरगी एकटी आहे आणि तुम्हाला कुलपाची पडलीय! अंगणात दगड होता, मी उचललाही. तेवढ्यात शेजारच्या बाई धावत आल्या. कुलूप फोडायला आलेली ही कोण, म्हणून आधी त्यांनी मलाच नीट पारखलं. ओळख पटल्यावर खुर्च्या आणल्या, चहा केला, आणि समोर बसून आपुलकीनं विचारलं, "अमेरिका म्हणजे लांब असेल ना हो खूप?" मग स्वतःच म्हणाल्या, "पण आता काय, सोळाच तास."

तो चहा मी तसाच पायरीवर ठेवला.

तासाभरानं फोन केला तर भाचा म्हणाला, "चिमठाणं सोडं, मामी." मागं ढोल तसेच वाजत होते. वाटेतल्या त्या चिमठाण्यालाही त्याच घरची हळद होती की काय कुणास ठाऊक. ह्यांनी भाच्याची मोटारसायकल येईल त्या दिशेला खुर्ची वळवून घेतली आणि पेपर वाचायला लागले. मला त्या पेपराचा कधी इतका राग आला नव्हता. मुलीचा मेसेज आला, "आई, निघालीस का?" मी लिहिलं, "निघालोच." लिहून झाल्यावर कळलं मी काय लिहिलं ते.

भाचा आला तेव्हा ऊन चांगलं वर चढलं होतं. गालाला हळद तशीच, शर्टाला हळद, हातात चावी. दार उघडलं. देवघराखाली लाल खणाचं गाठोडं. मी ते उचललं, गाठ सोडली, तांदळात पासपोर्ट दिसला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. खणासकट तो पर्समध्ये टाकला. मग मला आठवलं की सकाळपासून मी बाथरूमला गेलेले नाही. भाच्याचं स्वच्छ बाथरूम समोर, दार उघडं. मी वळले तर मामा-भाचे दोघंही एकदम ओरडले, "उचललंय ना! आता थांबायचं नाही!" मालेगावच्या पेट्रोलपंपापर्यंत मी दातओठ खात बसून राहिले. ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघायचंही टाळत होता.

नाशिकपर्यंत ठीक गेलो. कसाऱ्याच्या घाटात एक कंटेनर आडवा झालेला होता. भिवंडीला गाड्या मुंगीच्या पावलानं. विमानतळावर पोहोचलो तेव्हा विमान जमिनीवरच होतं, समोरच्या फळ्यावर त्याचा नंबरही दिसत होता, पण काउंटर बंद झालेलं. तिथली मुलगी फार गोड बोलली. एवढं गोड की मला तिच्याशी भांडताही येईना. पुढची जागा रविवारी मिळत होती.

अक्कांना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "रविवार? तोबी मावयतीले खोटाच शे." मग थोडा विचार करून म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. परस्थान उचलेल शे ना, चालस." मी फोन ह्यांच्या हातात दिला आणि लॉजच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. दर दोन मिनिटांनी एक विमान उठत होतं. कुणी दुबईला जात असेल, कुणी लंडनला. त्या सगळ्यांचे पासपोर्ट निघेपर्यंत त्यांच्या त्यांच्या घरात होते.

मुलगी मात्र रागावली नाही. "असू दे आई, अजून बरेच दिवस आहेत," म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

रविवारी मी वेळेच्या कितीतरी आधी जाऊन बसले. सामान गेलं, तपासणी झाली, विमानात चढायची रांग लागली आणि फोन वाजला. मुलीचा आवाज बदललेला होता. कळा सुरू झाल्या होत्या, तारखेच्या आठ दिवस आधी. ती दवाखान्यात पोहोचली होती.

"आई, कुठं आहेस?"

"विमानतळावर, बाळा."

"कुठल्या?"

तिला एक क्षण वाटलं असेल, मी उतरलेय, मी येतेय. "मुंबईच्या," मी म्हटलं. मग एक कळ आली, ती मी ऐकली. मी तिला म्हणत राहिले, श्वास सोड, तोंडानं सोड, मूठ आवळ, रडू आलं तर रड. रांग पुढं सरकत होती, मी बोलत बोलत सरकत होते, जागेवर बसून बोलत होते. हवाई सुंदरी आली आणि फोन बंद करा म्हणाली. मी बोटानं थांब अशी खूण केली. ती परत आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मुलगीच म्हणाली, "ठेव आई. सोळा तासांनी बोलू." आणि हसायचा प्रयत्न केला तिनं. तो मला आजही सहन होत नाही.

समोरच्या पडद्यावर जगाचा नकाशा होता. त्यावर छोटंसं विमान, खाली उरलेले किलोमीटर, उरलेला वेळ. तीस वर्षं मी पोरींना नकाशे भरायला लावले, चुकलेल्या रेषेला लाल पेन मारला, पण नकाशाकडे बघून जीव असा टांगणीला लागतो हे मला माहीत नव्हतं. शेजारचा तरुण माणूस सिनेमे बघत होता. मी तोच एक पडदा बघत होते. विमान हलतच नव्हतं. डोळे मिटून, मनात शंभर मोजून उघडावे, तर ते तिथंच. मी सांगितलं होतं तसंच ते वर उत्तरेला गेलं, दोरा ताणला होता अगदी त्या वाटेनं. माझं बरोबर होतं आणि त्याचा कुणालाही काही उपयोग नव्हता. मग खाली निळा रंग आला, अटलांटिक. मधेच मला थंडी वाजली म्हणून मी चहा मागितला.

न्यूयॉर्कला उतरायच्या आधी विमानानं वर घिरट्या घातल्या. मग रांग. कसली रांग, जळगावच्या आठवडी बाजारात इतकी माणसं नसतील. खिडकीतल्या साहेबानं कशाला आलात म्हणून विचारलं. मी म्हटलं, मुलीचं बाळंतपण आहे. त्यानं विचारलं, कधी? मी म्हटलं, मला माहीत नाही! तो जरा दबकलाच, आणि शिक्का मारला. माझा फोन तिथं चालत नव्हता.

बाहेर जावई उभे होते. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. ते काही बोलायच्या आत मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि समजले. "मुलगी झाली," ते म्हणाले. "दोघी छान आहेत." गाडीत मी जन्माची वेळ विचारली आणि मनात उलटा हिशेब केला. मी चहा मागितला होता तेव्हाच.

दवाखान्यात गेले तर मुलगी उशीला टेकून बसली होती. तिनं माझा पदर धरला, तसाच, मुठीत. "आई," ती म्हणाली, "दार उघडलं की मला वाटायचं तूच आलीस. दर वेळी नर्सच यायची." तक्रार म्हणून नाही, सहज सांगितलं. पण मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला. अक्कांचा, ह्यांचा, भाच्याच्या हळदीचा, घाटातल्या कंटेनरचा, गोड बोलणाऱ्या त्या पोरीचा. नातीला मांडीवर घेतलं तरी तो उतरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांचा व्हिडिओ कॉल, तिकडे संध्याकाळ. पारोळ्याची सगळी आळी त्यांच्या मागं गोळा झालेली. बाळाला पाहून अक्का रडल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "पाय माय, परस्थान ठेवं म्हनीसन बठ्ठं सुखरूप व्हयनं." मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मुलीनं खालून माझा हात दाबला.

मी तिकडे पाच महिने राहिले. नातीला तेल लावलं, दादरच्या पिठाची भाकरी थापली, धूर झाला म्हणून एकदा भोंगा वाजवून घेतला. प्रस्थानाची गोष्ट मी मुलीला अनेकदा सांगितली, दर वेळी तितक्याच रागानं, आणि ती दर वेळी हसायची. तिचा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. लहानपणी मांजर आडवं गेलं तर मुद्दाम पुढं जायची.

परतीच्या दोन दिवस आधी मी बॅग भरायला घेतली. कागदांची पिशवी उघडली. पासपोर्ट नाही. कपाट पाहिलं, गादी उचलली. माझं डोकं फिरायला लागलं. "अगं, माझा पासपोर्ट पाहिलास का?" मी स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले.

मुलगी बाळाच्या खोलीतून म्हणाली, "इकडे आहे."

पाळण्याच्या उशाशी तोच लाल खण, गाठ मारलेला, आत तांदूळ हाताला लागत होते. मी म्हटलं, "हे काय?"

"प्रस्थान ठेवलंय. दुसऱ्याच्या घरी ठेवायचं असतं ना? ही खोली हिची आहे." ती बाळाकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

"वेडी आहेस का? आण इकडे, बॅगेत ठेवू दे."

मी हात पुढं केला. तिनं माझं मनगट धरलं.

"उचललं की निघायचंच असतं ना आई?" ती म्हणाली. "मग आज नको उचलूस."